रोजनिशीच्या बंदोबस्ताबाबत

प्रिय ताई,

तुला साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण महिनाभर पाठ धरली आहे आणि वाकायला मनाई आहे. जे करता येत नाही ते लिहू नये, असं मला वाटतं. म्हणून उभ्या उभ्या केलेला नमस्कार पाठवतो. त्यात भाव कमी नाही, फक्त कोन कमी आहे. भाऊजींनाही तसाच. तुझा गुडघा कसा आहे? मागच्या खेपेस फोनवर तू "बरा आहे" म्हणालीस, पण कुठला ते सांगितलं नाहीस, आणि तुला दोन आहेत. भाऊजींचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. (थांबला असेल तर हे वाक्य त्यांना वाचून दाखवू नकोस. आठवण करून दिली की त्यांना लागतो.)

आता तू म्हणशील, घरात फोन आहे, संगणक आहे, मग या माणसाला पेनाने पत्र लिहायची अवदसा कुठून आठवली? ते सांगण्यासाठीच पत्र आहे. थोडं लांबेल. चहा घेऊन बस.

आमच्या प्रयोगशाळेत (तुला माहीत आहेच, नळांचं, विहिरींचं, टाक्यांचं पाणी आमच्याकडे बाटल्यांतून येतं आणि ते पिण्याजोगं आहे की नाही ते आम्ही कळवतो) गेल्या महिन्यात एका संगणक-सुरक्षावाल्या गृहस्थांचं व्याख्यान झालं. माणूस बोलायला गोड होता आणि सांगत मात्र भयंकर होता. की-लॉगर नावाचा एक प्रकार असतो म्हणाले. तो चोरपावलांनी संगणकात शिरतो, कधी फुकटच्या एखाद्या प्रोग्रॅमला चिकटून, कधी ईमेलच्या फाइलीतून, कधी कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून, आणि मग एका कोपऱ्यात बसून तुम्ही कीबोर्डवर दाबाल ते प्रत्येक बटण उतरवून घेतो आणि मालकाला पाठवतो. काही मोडत नाही, काही पुसत नाही. संगणक नेहमीसारखा चालतो, फार तर जरा मंदावतो. हे शेवटचं वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केलं. आमचा संगणक सहा वर्षं मंद आहे.

सभागृहातल्या बाकी सगळ्यांना बँकेचे पासवर्ड आठवले. मला रोजनिशी आठवली. बावीस वर्षं मी ती लिहितो, त्यातली अकरा वर्षं संगणकावर. तिच्यात खोटं लिहायचं नाही हा एकच नियम. (सोयीचं लिहायचं नाही असा दुसराही नियम होता, तो दोनदा मोडला, दोन्ही वेळा तशी नोंद केली आहे.) आणि या चार महिन्यांत तिच्यात एक गोष्ट अशी बसली आहे की ती घरात फुटली असती तर माझी धडगत नव्हती. ती तुला आज पहिल्यांदा सांगतो आहे. पुढच्या सगळ्याचं मूळ तिच्यातच आहे.

मला प्रयोगशाळाप्रमुख करणार होते. मी नको म्हणालो. कारण प्रमुखाला दिवसाला चाळीस अहवालांवर सह्या कराव्या लागतात आणि त्यातला एकही नमुना त्याने स्वतः पाहिलेला नसतो. मी न पाहिलेल्या पाण्याला चांगलं म्हणू शकत नाही. हे मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे, बाटल्याच धुवा." घरी येऊन मी तुझ्या भावजयीला सांगितलं, "ते पद दुसऱ्याला दिलं." हे वाक्य खरं आहे. मी फक्त त्याच्या आधीचं वाक्य गाळलं. मला वाटलं होतं ती दोन दिवस हळहळेल आणि विसरेल. पण ती फिजिओथेरपिस्ट आहे हे मी विसरलो. आणि साहेबांचा उजवा खांदा आखडलेला होता, त्यासाठी ते आठवड्यातून तीनदा तिच्याच दवाखान्यात जातात, हे तर मला माहीतच नव्हतं. आपल्या नवऱ्यावर अन्याय करणारा माणूस आपल्यासमोर टेबलावर पालथा पडलेला, आणि त्याचा हात आपल्या हातात. ताई, तूच विचार कर. चार महिने साहेब मला कॉरिडॉरमध्ये भेटले की खांदा चोळत म्हणायचे, "तुमच्या बाईसाहेबांचा हात फार खंबीर आहे," आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी असायचं. मी मान खाली घालून पुढे जायचो. रोजनिशीत मात्र रोज लिहायचो की आजही सांगितलं नाही.

तर ही रोजनिशी जगातल्या कुठल्यातरी अनोळखी चोराच्या हाती लागणार. खरं म्हणजे त्याला तिचं काय करायचं आहे, असा शहाणा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस. मला वाटलं, तो ती वाचेल, त्याला संताप येईल, आणि तो थेट तुझ्या भावजयीला कळवेल.

त्याच संध्याकाळी मी कामाला लागलो. एक अँटिव्हायरस उतरवून घेतला. मग मनात आलं, एकाच्या साक्षीवर विसंबणं बरं नाही, प्रयोगशाळेतही आपण नमुना दोनदा तपासतो. म्हणून दुसरा घेतला. पहिल्या दोघांत मतभेद झाला तर निकाल कोण देणार, म्हणून तिसरा. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू व्हायला पस्तीस मिनिटं लागली. घरातले सगळे पेन ड्राइव्ह गोळा करून त्यांना तारीख-वार चिठ्ठ्या लावल्या आणि नमुन्याच्या दोन रिकाम्या बाटल्यांत वेगळे ठेवले, एकीवर 'तपासलेले', दुसरीवर 'संशयित'. भाऊजींनी दिलेला, तो पडद्यावर मासे पोहवणारा, संशयितांत आहे. त्यांनी मनाला लावून घेऊ नये. व्याख्यात्यांनी असंही सांगितलं होतं की कधीकधी की-लॉगर म्हणजे प्रोग्रॅम नसून बोटाच्या पेराएवढी वस्तू असते, संगणकाच्या मागे कुणीतरी खोचून ठेवलेली. मी टेबल ओढलं (पाठ धरली ती तेव्हा), विजेरी घेऊन मागे शिरलो, आणि ताई, खरोखरच तिथे पेराएवढी काळी वस्तू होती. चिमट्याने काढली, बाटलीत घातली, झाकण लावलं, वर 'हात लावू नये' लिहिलं. दोन दिवस आमची चिमणी (आता माझ्याहून उंच झाली आहे, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पण नाव तेच राहिलं) माउस चालत नाही म्हणून आदळआपट करत होती. तिसऱ्या दिवशी तिला बाटली दिसली. ती वस्तू तिच्या बिनतारी माउसचं दुसरं टोक होती. "बाबा," ती अगदी शांतपणे म्हणाली, "तुम्ही घरात आहात तोवर आपल्याला व्हायरसची गरज नाही."

शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानातल्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. समजूतदार माणूस. तासभर बसला आणि म्हणाला, "तुमच्याकडे चोर कोणी नाही हो. तीन पहारेकरी आहेत आणि ते एकमेकांना चोर समजून बदडताहेत." त्याने दोघांना काढून टाकलं, एकाला ठेवलं. संगणकाचे साठलेले अपडेट घेऊ दिले. ते मी तीन वर्षं पुढे ढकलत होतो, 'नंतर' असं लिहिलेलं बटण समोर असताना 'आत्ता' कोण दाबणार. घरातल्या प्रत्येकाचं वेगळं खातं काढून दिलं आणि नवीन काही घालायचं तर फक्त एकाच पासवर्डने घालता येईल असं केलं. बँकेच्या आणि ईमेलच्या खात्यांना, पासवर्ड टाकल्यावर फोनवर येणारा आकडाही मागायला लावला, म्हणजे पासवर्ड चोरला तरी चोर दारातच अडकेल. आणि फुकट मिळतं ते उतरवून घेऊ नका म्हणाला. हे सगळं तूही करून घे, खरंच चांगलं आहे. इथेच थांबलो असतो तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण जाताना मी त्याला विचारलं, "म्हणजे की-लॉगर नाही ना?" तो प्रामाणिक होता. म्हणाला, "आढळला नाही."

ताई, हा शब्द माझा आहे. बावीस वर्षं मी अहवालांवर 'जिवाणू आढळले नाहीत' असं लिहितो. 'जिवाणू नाहीत' असं एकदाही लिहिलेलं नाही, कारण तसं कुणालाच म्हणता येत नाही. बाटली घेऊन येणारी माणसं विचारतात, "म्हणजे नाहीत ना?" आणि मी म्हणतो, "आढळले नाहीत." मग ती जो चेहरा करून घरी जातात, तो चेहरा करून मी दारात उभा राहिलो.

रात्रभर विचार केला आणि सकाळी उत्तर सापडलं. की-लॉगर बटणं मोजतो. मग बटणंच दाबली नाहीत तर? हल्लीच्या संगणकाला तोंडाने सांगितलं की तो लिहून घेतो. मला स्वतःचं कौतुक वाटलं. (तशी नोंद आहे.) संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा तुझी भावजय दवाखान्यात असते, चिमणी क्लासला. घरात फक्त सासरे. ते गॅलरीत आरामखुर्चीवर बसतात, आणि त्यांना शेजारी ढोल वाजला तरी ऐकू येत नाही, कानात यंत्र असलं तरी समोर बसून बोलावं लागतं. याहून सुरक्षित श्रोता कुठे मिळणार? तर मी दार लावून घ्यायचो आणि संगणकाला हळू आवाजात दिवसभराचं सगळं सांगायचो. साहेबांचा खांदा, माझी भीती, सगळं. मग चुका तपासायला 'वाचून दाखवा' असं एक बटण होतं, ते माउसने दाबायचो. आवाज काही यायचा नाही. स्पीकर बिघडला असेल असं धरलं. आमच्या घरात वस्तू बिघडतात तशा आपल्या आपण बऱ्याही होतात, म्हणून रोज एकदा बटण दाबून बघायचो, काही ऐकू येत नाही म्हणून हात-पाय धुवायला निघून जायचो.

स्पीकर बिघडलेला नव्हता. सासऱ्यांचं नवं श्रवणयंत्र ब्लूटूथवालं आहे. संगणकावरची व्याख्यानं त्यांना थेट कानात ऐकू यावीत म्हणून चिमणीने महिन्याभरापूर्वी ते संगणकाला जोडून दिलं होतं. तेव्हापासून संगणकाचा आवाज खोलीत न येता सरळ त्यांच्या कानात जात होता. म्हणजे रोज संध्याकाळी ते गॅलरीत बसलेले असताना, एक बाई त्यांच्या कानात अगदी सपाट आवाजात माझी रोजनिशी वाचून दाखवत होती. अकरा दिवस.

हे मला परवा मंगळवारी जेवताना कळलं. सासरे (शाळा तपासनीस होते, अजूनही कुणी बोलायला लागलं की ते मनातल्या मनात गुण देतात) खुशीत होते. म्हणाले, "रेडिओवर हल्ली एक श्रुतिका लागते, ऐकता का कुणी?"

चिमणीने विचारलं, "रेडिओ कुठाय आजोबा आपल्याकडे?"

"यंत्रातच येतो. बाईचा आवाज फार भावनाशून्य आहे, पण मजकूर चांगला. एका माणसाच्या मनात काय चालतं ते रोज सांगतात. माणूस सज्जन आहे, पण त्याला काम कमी असावं. शनिवारी अर्धा भाग तो शेजाऱ्याला परत केलेल्या छत्रीबद्दल विचार करत होता."

मी घास हातात तसाच धरला. छत्रीची नोंद शनिवारची.

"त्याचा सासरा पण आहे त्यात," सासरे पुढे म्हणाले. "फार त्रासदायक म्हातारा. दुसऱ्याचं वर्तमानपत्र आधी उघडतो आणि कोडं अर्धवट सोडवून ठेवतो. असल्या माणसांना घरातल्यांनी तोंडावर सांगायला हवं."

तुझ्या भावजयीने माझ्याकडे पाहिलं. तिला अजून संशय नव्हता, पण कोडं कोण अर्धवट सोडवतं हे तिला माहीत आहे. तिने सावकाश वडिलांना विचारलं, "दादा, काम काय करतो हो तो?"

"पाणी तपासतो. त्याला बढती देत होते, त्याने स्वतःच नाकारली, आणि बायकोला सांगत नाही. चार महिने झाले. आणि ती बिचारी त्याच्या साहेबाचा हात पिरगाळते आहे." सासरे मनापासून हसले. "लेखकाची कल्पनाशक्ती बरी आहे. पण हे काही पटत नाही. कुठली बायको असं करेल?"

चिमणी पाण्याचा पेला तोंडाला लावून बसली, त्यात पाणी नव्हतं. तुझी भावजय जेवली, उठली, सासऱ्यांना औषध दिलं, ओटा पुसला, फडकं वाळत घातलं. मग माझ्यासमोर येऊन बसली. बढती नाकारल्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. म्हणाली, "तू ते पद घेतलं असतंस तर मला आश्चर्य वाटलं असतं. पण मी चार महिने त्या माणसाला रडवते आहे, ते कुणासाठी?" मी म्हणालो, ते तुझा हात खंबीर आहे म्हणतात. ती म्हणाली, पुस्तकाबाहेरचं तिने काही केलेलं नाही, फक्त पुस्तकातली जी पानं ती एरवी उलटून टाकते ती या खेपेला टाकली नाहीत. खांदा निम्म्या वेळात मोकळा झाला आहे, ही गोष्ट वेगळी. आता त्यांची माफी मागायची की आभार ऐकून घ्यायचे, हे तिला ठरवता येत नाही. आणि मग तिने विचारलं, "हे आणखी कुणाला माहीत होतं?"

मी रोजनिशीत खोटं लिहीत नाही. पण हा प्रश्न रोजनिशीतला नव्हता. 'कुणालाच नाही' म्हटलं असतं तर चार महिने मी एकटा तोंड शिवून बसलो असं झालं असतं, आणि तिचा चेहरा बघून मला ते एकटेपण जास्त मोठा गुन्हा वाटलं. निदान कुणाला तरी सांगितलं होतं असं निघालं तर मी जरा माणसात आहे असं दिसेल. त्याच्या पुढचं मी तुला खाली लिहितो, कारण इथे पान संपत आलं आहे.

गुडघ्याला शेक दे. भाऊजींना मासेवाल्या पेन ड्राइव्हबद्दल माझ्या वतीने समजावून सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. मी तिला म्हणालो, "ताईला माहीत होतं." ती म्हणाली, "मी ताईंना रविवारी फोन करते." तर ताई, एवढंच काम आहे. तिने विचारलं तर 'हो' म्हण. हे पत्र शनिवारी पोचेल, म्हणजे रविवारी तुला खरोखरच माहीत असेल. त्यामुळे हे धड खोटं नाही, फक्त मुदतीचा फरक आहे. पत्र पेनाने लिहिलं ते यासाठी. फोन केला असता तर घरात ऐकू गेलं असतं, आणि संगणकाचा आता मला भरवसा नाही.

आणखी एक. वरचं पुन्हा वाचलं. ते खोटंच आहे. मुदतीचा फरक वगैरे मी न पाहिलेल्या पाण्याला चांगलं म्हणण्यातला प्रकार आहे. तेव्हा 'हो' म्हणू नकोस. किंवा तुला योग्य वाटेल ते म्हण. पण मी सांगितलं म्हणून म्हणू नकोस.

शेवटचं. पाकीट चिकटवायच्या आधी हे घालतो आहे. आत्ता तुझी भावजय इथून गेली. पाकिटावर तुझं नाव बघून म्हणाली, "काही उपयोग नाही, मी कालच फोन केला ताईंना." मी विचारलं, काय म्हणाली ताई? तर तिने सांगितलं की ती तुला एवढंच म्हणाली, "ताई, तुम्हाला माहीत होतं म्हणे?" आणि तू क्षणभरही न थांबता म्हणालीस, "हो तर, मला सगळं माहीत आहे." मग तिने विचारलं, "काय माहीत आहे?" आणि तू म्हणालीस, "तो जे सांगेल ते." एवढं सांगून ती हसली. मंगळवारनंतर पहिल्यांदा. ताई, तू काय समजून 'हो' म्हणालीस ते मला माहीत नाही, तू काहीतरी भयंकर समजली असशील तर वर सगळं लिहिलं आहे, ते तेवढंच आहे.

साहेबांना ती उद्या सकाळी भेटणार आहे आणि मी बरोबर जावं असं म्हणते आहे. टेबलावर कोणी झोपायचं ते अजून सांगितलेलं नाही. सासरे मघाशी जेवताना विचारत होते, श्रुतिका दोन दिवस लागली नाही, त्या माणसाच्या बायकोला कळल्यावर तिने काय केलं असेल? तुझी भावजय त्यांना वाढता वाढता म्हणाली, "तिचं अजून ठरलेलं नाही, दादा."